लाल रेघ बर्फाखाली

बॉस्टन बघायचं तर फुटपाथवरच्या लाल रेघेवरून चालत राहायचं, असं सगळी गाइडबुक्स सांगतात. पण एका दिवसात दोन फूट बर्फ पडला आणि रेघच गायब झाली तर? तर खिचडीचा डबा उचलायचा आणि निघायचं!

शनिवारी सकाळी चहा करताना खिडकीतून गल्लीतल्या गाड्या मोजल्या होत्या. सात. संध्याकाळच्या चहाला एकही दिसेना. कुठे गेल्या नव्हत्या बिचाऱ्या, नुसत्या झाकल्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी सात गुबगुबीत गाद्या ओळीनं मांडून ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

ही गोष्ट २०२२ सालच्या जानेवारीतली. २९ तारखेच्या त्या शनिवारी बॉस्टनच्या एअरपोर्टवर २३.६ इंच बर्फ मोजला गेला. एका दिवसात पडलेल्या बर्फाचा तिथला रेकॉर्ड १७ फेब्रुवारी २००३चा होता. त्याची अगदी दशांशापर्यंत बरोबरी झाली. आणि माझं मुंबईला परतायचं विमान कधीचं होतं? ओळखलंत. शनिवार रात्रीचं! कॅन्सल झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी आधी कपाळाला हात लावला. मग लक्षात आलं, आता थेट मंगळवारची फ्लाइट. म्हणजे ताईबरोबर आणखी दोन दिवस.

ताई बॉस्टनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर होती. मी तिच्याकडे तीन आठवडे राहिले, पण ती जागी आणि मीही जागी असा वेळ सगळा मिळून फार तर दोन दिवसांचा. ओमायक्रॉनची लाट चालू होती. ती यायची, आंघोळ करायची आणि झोपायची. मी मात्र मुलुंडहून एक प्रश्न घेऊन आले होते. आईनं दिलेला. चकल्या, मेतकूट, गोडा मसाला यांच्याबरोबर जणू बॅगेतच घालून दिलेला. ‘तिला समोर बसवून नीट विचार, परत येणार आहे की नाही? फोनवर ती उडवून लावते.’ तीन आठवड्यांत मेतकूट संपलं, प्रश्न तसाच राहिला.

वादळ येणार हे कळल्यावर ताई शुक्रवारी संध्याकाळीच बॅग भरून हॉस्पिटलला गेली. पुढच्या शिफ्टची माणसं पोचतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून बरेच जण तिथेच झोपणार होते. रविवारी सकाळी तिचा मेसेज आला : ‘दुपारी तीनला सुटते. कॅण्टीनचं सॅण्डविच बघवत नाही आता.’

झालं! मी मुगाच्या डाळीची खिचडी टाकली.

पांढरा फुटपाथ, काळी कोपरखळी

ताई राहायची नदीच्या अलीकडे, केंब्रिजमधल्या सेंट्रल स्क्वेअरजवळ. हॉस्पिटल नदीपलीकडे. मेट्रोनं फक्त दोन स्टेशनं, आणि मेट्रो चालूही होती. पण दार उघडून पायरीवर आले आणि बेत बदलला. वारा पडत आला होता, आकाश असं निळं की फोटोशॉप केल्यासारखं आणि आवाज... आवाजच नव्हता. ताज्या बर्फात हवा भरलेली असते, ती आवाज शोषून घेते. हे शाळेत शिकले असेन कदाचित, पण मुंबईच्या मुलीला शांततेचं प्रॅक्टिकल कुठून मिळणार? अख्ख्या गल्लीत एकच आवाज : खर्र... खर्र... कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.

ताईचे जुने बूट मला एक नंबर मोठे. आत दोन मोजे कोंबले. स्टीलचा डबा शालीत गुंडाळून सॅकमध्ये टाकला आणि पहिलं पाऊल टाकलं. तांदळाच्या पिठीत पाय घालावा तसं वाटलं. करकर वाजणारी पिठी! गुडघ्यापर्यंत आत.

शंभर पावलांत या शहराची पहिली गोष्ट कळली. इथे फुटपाथवरचा बर्फ महापालिका काढत नाही, ज्याच्या दारासमोरचा असेल तो काढतो. बॉस्टनचा तर नियमच आहे, बर्फ थांबल्यापासून तीन तासांत (रात्री थांबला तर सूर्योदयानंतर तीन तासांत) घरासमोर किमान ४२ इंच रुंद वाट मोकळी करायची. ४२ इंचच का? व्हीलचेअर आणि बाबागाडी जायला हवी म्हणून. न काढणाऱ्याला दंड. केंब्रिजमध्येही घरमालकांसाठी असाच नियम आहे, फक्त वेळेची गणितं वेगळी.

त्यामुळे चालता चालता प्रत्येक घराचा स्वभाव कळत जातो. एकानं पट्टीनं आखल्यासारखी वाट काढून वर जाडं मीठ भुरभुरलेलं. पुढच्यानं कसाबसा एक फावडाभर रुंदीचा बोळ काढलेला. त्याच्या पुढचा बहुतेक फ्लोरिडाला गेला असावा, कारण बर्फ जसाच्या तसा. मग तुम्ही आधी गेलेल्या अनोळखी माणसाच्या पावलात पाऊल टाकत जायचं. त्याची ढांग मोठी असेल तर तुमची पंचाईत!

पण खरी गंमत कोपऱ्यावर. रस्त्यातला बर्फ बाजूला ढकलत नांगरासारखी पाती लावलेल्या गाड्या जातात, त्यांना प्लाऊ म्हणतात. प्लाऊ रस्ता साफ करतो आणि तो सगळा बर्फ कडेला, म्हणजे नेमका रस्ता ओलांडायच्या जागी लोटून ठेवतो. दोन्हीकडचे फुटपाथ चकाचक आणि मधे कंबरभर उंचीची राखाडी भिंत. ही भिंत कुणाच्याच दारासमोर नसते. म्हणून ती कुणीच काढत नाही. तरुण माणूस ढेंगा टाकून जाईल. म्हातारं माणूस? काठीवाला? एक बाई बाबागाडी घेऊन अशाच एका भिंतीपाशी उभी होती. पुढून मी धरलं, मागून तिनं, आणि बाळाला पालखीसारखं पलीकडे नेलं. बाळ गाढ झोपेत!

मीठ आणि मिरी

केंब्रिज आणि बॉस्टनच्या मधे चार्ल्स नदी आणि तिच्यावर लॉन्गफेलो ब्रिज. १९०६मध्ये खुला झालेला हा दगडी-पोलादी पूल. त्याच्या मधोमध चार बुरूज आहेत, डायनिंग टेबलवरच्या मीठ-मिरीच्या डब्यांसारखे दिसणारे. लोक त्याला ‘सॉल्ट अँड पेपर ब्रिज’ म्हणतात ते त्यामुळेच. त्या दिवशी मिरीच्या डब्यांतही मीठच होतं.

पुलाच्या मधून मेट्रोची रेड लाइन धडधडत जाते, कडेनं पायवाट. खाली नदी गोठून पांढरं मैदान झालेली, समोर बीकन हिलच्या विटांच्या घरांची चढण आणि मागे राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट. असा व्ह्यू मेट्रोतून एक मिनिटभर दिसतो. पायी गेलात तर पंधरा मिनिटं तुमचाच. फक्त वाऱ्याची तयारी हवी. गालांना सुया टोचत होत्या आणि मास्कच्या आत नाक वाहत होतं. ग्लॅमर म्हणतात ते हेच!

पायवाटेवर एकाच माणसापुरती चर मोकळी केलेली. समोरून कुणी आलं की एकानं बर्फात उतरून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. ‘पहले आप’चा कार्यक्रम. तीन आठवडे या शहरात कुणी माझ्याकडे वर मान करून पाहिलं नव्हतं. त्या पुलावर अकरा जण भेटले आणि अकराही बोलले. ‘मॉर्निंग!’, ‘काय पडलाय ना?’, ‘सांभाळून, पुढे घसरडं आहे.’

मला एकदम २६ जुलै आठवला. २००५चा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता त्या दिवशी. बाबा अंधेरीच्या ऑफिसातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालत मुलुंडला पोचले. मी लहान होते. पण त्यांनी सांगितलेलं पक्कं आठवतंय. रस्त्यात कुणीतरी चहा दिला, कुणी बिस्किटचा पुडा, आणि एका पोरानं उघड्या मॅनहोलपाशी काठी रोवून रात्रभर लोकांना ओरडून सावध केलं. पाऊस आणि बर्फ यांत काही साम्य नाही. त्या पावसानं शेकडो माणसं नेली, हा तर रविवारचा देखणा बर्फ. पण गाड्या थांबल्या की माणसांना माणसं दिसतात, एवढं मात्र दोन्हीकडे सारखंच.

हॉस्पिटलच्या दारातच थांबावं लागलं. कोविडमुळे आत प्रवेश नव्हता. ताई आली. डबल मास्क, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांचा कसाबसा बुचडा. डबा हातात घेतला. अजून कोमट होता. ‘तूप?’ ‘घातलंय.’ ‘पापड?’ ‘फॉइलमध्ये.’ तिनं मला मिठी मारायला हात पुढे केला आणि मधेच थांबली. ‘नको. आंघोळ झाल्यावर.’ आणि आत पळाली. दोन मिनिटांची भेट. प्रश्न कुठला विचारणार?

रेघ नसलेलं शहर

तीन वाजायला अजून बराच वेळ होता. बॉस्टनला आलात की सगळे ‘फ्रीडम ट्रेल’ करायला सांगतात. फुटपाथवर विटांची किंवा रंगानं काढलेली लाल रेघ असते. साधारण चार किलोमीटर लांब आणि सोळा ऐतिहासिक जागा जोडणारी. १९५१मध्ये एका पत्रकाराला ही आयडिया सुचली (आमच्या जमातीनं काहीतरी चांगलं केल्याचा पुरावा!). रेघेवरून चालत राहा, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध समजतं. डोकं चालवायची गरज नाही. त्या दिवशी ती रेघ दोन फूट खाली होती. मग म्हटलं, वाट फुटेल तिकडे.

आधी बीकन हिल. एकोणिसाव्या शतकातल्या लाल विटांच्या घरांची टेकडी. इथले गॅसचे दिवे दिवसाही जळत असतात. बर्फाच्या टोप्या घातलेल्या काचेत ती पिवळी ज्योत पाहिली आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिले. एकॉर्न स्ट्रीट नावाची गोट्यांची छोटी गल्ली आहे, बॉस्टनच्या निम्म्या पोस्टकार्डांवर तीच. एरवी तिथे फोटोसाठी रांग असते. आज तिच्यात एकाच मांजराचा माग होता. मी आत पाऊल टाकलं नाही. उगाच कशाला बिघडवायचं?

खाली चार्ल्स स्ट्रीटवर एक कॅफे उघडा होता. हॉट चॉकलेट घेऊन बाहेर उभी होते, तर शेजारचे आजोबा म्हणाले, ‘हे काहीच नाही. सेव्हण्टी-एट पाहायला हवं होतंस.’ बॉस्टनमध्ये बर्फाबद्दल बोलताना कुणी ना कुणी हे म्हणतंच. १९७८च्या फेब्रुवारीत २७ इंच पडला होता, हायवेवर हजारो गाड्या अडकल्या आणि आठवडाभर खासगी गाड्यांना बंदी. ‘आम्ही रस्त्याच्या मधून स्की करत किराणा आणला,’ आजोबा म्हणाले. मी २०१५ काढलं. त्या मोसमात सगळा मिळून ११० इंच बर्फ पडला आणि शहरानं ट्रकनं नेऊन टाकलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग वितळला थेट १४ जुलैला! आजोबांनी मान डोलावली. पण त्यांच्या लेखी सेव्हण्टी-एट ते सेव्हण्टी-एटच.

पुढे पब्लिक गार्डन. तिथे एका लाडक्या बालपुस्तकातल्या बदकिणीचे आणि तिच्या आठ पिल्लांचे ब्रॉन्झचे पुतळे आहेत, ओळीनं चाललेले. मी पोचले तेव्हा आईचं डोकं वर होतं, मागची पिल्लं गायब. एक बाबा आणि त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी हातांनी एकेक पिल्लू उकरून काढत होते. मीही बसले उकरायला. सातवं सापडलं, आठवं सापडेना. मुलगी रडकुंडीला. शेवटी मिळालं, आमच्या अंदाजापेक्षा हातभर मागे. तिनं स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून त्याला गुंडाळला. ‘हा नेहमी मागे राहतो,’ ती मला म्हणाली.

मी आईला फोटो पाठवला. मुलुंडला रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तरी लगेच रिप्लाय आला : ‘छान. विचारलंस का?’

बॉस्टनचा बर्फ, फोर्टातलं आइस हाउस

रस्ता ओलांडला की बॉस्टन कॉमन. १६३४पासूनची ही सार्वजनिक बाग अमेरिकेतली सर्वात जुनी. कधी काळी इथे गाई चरायच्या. आज विधानभवनाच्या बाजूच्या उतारावर अख्खं शहर घसरत होतं. प्लॅस्टिकच्या घसरगाड्या, खोक्यांचे पुठ्ठे, एकानं तर चक्क ओव्हनचा ट्रे आणलेला. खाली फ्रॉग पॉण्डवर बर्फाचं रिंग.

तिथे कठड्यावर टेकले आणि आठवलं की या गावाचा बर्फ आपल्या मुंबईनं खाल्लाय. खरंच! फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक बॉस्टनकर होता. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापायचा, लाकडाच्या भुश्श्यात गुंडाळायचा आणि जहाजानं गरम देशांत विकायचा, हा त्याचा धंदा. लोकांनी वेड्यात काढलं. १८३३च्या मे महिन्यात त्यानं १८० टन बर्फ भरून एक जहाज कोलकात्याला धाडलं. चार महिन्यांनी ते पोचलं तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता! मग मुंबई, मद्रास. मुंबईत फोर्टात तो साठवायला खास आइस हाउस बांधलं होतं. चेन्नईचं आइस हाउस आजही उभं आहे. ज्या केंब्रिजमधून मी सकाळी निघाले, तिथल्याच फ्रेश पॉण्डचा बर्फ ट्यूडर कापायचा. निम्मा वितळला तरी चालेल, पण पाठवायचा. आमच्या आईच्या पार्सलांचंही हेच तत्त्व. लाडूंचा चुरा होणार हे माहीत असतं, तरी पाठवते.

कॉमनच्या कोपऱ्यावर पार्क स्ट्रीट स्टेशन. १८९७मध्ये अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे इथून सुरू झाली. पलीकडे ग्रॅनरी कब्रस्तान, सॅम्युअल ॲडम्स आणि पॉल रिव्हिअर वगैरे स्वातंत्र्ययुद्धातली बडी मंडळी तिथे आहेत. कुंपणाच्या जाळीतून पाहिलं. थडग्यांचे फक्त वरचे काठ दिसत होते आणि कोण हीरो, कोण साधा सुतार, काही कळत नव्हतं. लाल रेघ तिथूनच जाते म्हणे. मी बुटानं थोडं उकरूनही पाहिलं. लागली नाही.

मग पुलावर विचारलं

साडेतीनला ताई सुटली. ‘मेट्रो?’ मी विचारलं. ‘दोन दिवस आकाश पाहिलं नाहीये, चालू या,’ ती म्हणाली. ऊन उतरत होतं. जानेवारीच्या अखेरीस इथे पाचच्या आत सूर्य मावळतो. नदी गुलाबी झाली होती. मीठ-मिरीच्या बुरुजापाशी वाऱ्याला आडोसा होता, तिथे थांबलो आणि मी एका दमात विचारून टाकलं. ‘ताई, आईनं विचारलंय. तू परत येणार आहेस का?’

ती बराच वेळ नदीकडे बघत होती. मग म्हणाली, ‘अजून दोन वर्षं ट्रेनिंग आहे.’

‘आणि नंतर?’

‘चल, बोटं गारठली माझी.’

म्हणजे फोनवर उडवते तसंच समोरही उडवलं. मला जरा रागच आला. उरलेला रस्ता आम्ही पुढे-मागे, एकाच माणसापुरत्या त्या चरीतून, न बोलता चाललो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर दुपारी पुन्हा प्लाऊ येऊन गेलेला. कोपऱ्यावर ती कंबरभर भिंत. मी ढेंग टाकून पलीकडे गेले. वळून पाहिलं, तर ताई अलीकडेच उभी. ‘घरातून फावडं आण,’ ती म्हणाली.

‘वेडी आहेस का? दोन दिवस झोपली नाहीयेस. आणि हा आपला कोपरा नाहीये.’

‘खालच्या आजींना सोमवारी डायलिसिस असतं. वॉकर घेऊन इथूनच जातात व्हॅनपर्यंत.’

मी फावडं आणलं. आळीपाळीनं काढला. ताजा बर्फ पिठीसारखा असतो, पण प्लाऊनं दाबलेला म्हणजे सिमेंट. दहा फावड्यांत माझी कंबर गेली. ताई मात्र सराईतासारखी गुडघे वाकवून, कण्हत, शिव्या घालत (अस्सल मराठी) खणत होती. समोरच्या घरातला एक मुलगा बाहेर आला, काही न बोलता दुसऱ्या बाजूनं खणायला लागला. तो ताईला नावानं हाक मारत होता. चुकीच्या उच्चारात, पण नावानं. वाट झाल्यावर ताईनं दोन्ही हात पसरून रुंदी मोजली. ‘४२ इंच होतील ना गं?’

रात्री नऊला, म्हणजे मुलुंडच्या सकाळी साडेसातला आईचा फोन आला. ताई झोपली होती. ‘काय म्हणाली?’ आईनं विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षं ट्रेनिंग आहे म्हणाली. आणि मग का कोण जाणे, कोपऱ्याचंही सांगितलं. फावडं, आजी, समोरचा मुलगा, सगळं.

आई बराच वेळ गप्प. कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, ‘हातमोजे होते ना तिच्या हातात?’

‘होते.’

‘बरं. झोपू दे तिला.’

तो प्रश्न आईनं मला पुन्हा विचारला नाही.

जायचंय?

कधी : बॉस्टनमध्ये बर्फाचा मोसम साधारण डिसेंबर ते मार्च. वादळ चालू असताना हिरोगिरी नको, घरात बसा. थांबल्यानंतरची पहिली सकाळ सर्वात भारी. दुसऱ्या दिवसापासून बर्फ राखाडी होतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चिखलाची डबकी साचतात.

काय घालाल : एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. बूट वॉटरप्रूफ आणि खाच असलेल्या सोलचे. स्पोर्ट्स शूज घालून गेलात तर दहा मिनिटांत पाय ओले. लिप बाम आणि गॉगल विसरू नका. उन्हात बर्फ डोळ्यांवर चमकतो.

कसं चालाल : छोटी पावलं, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांखाली उभं राहून सेल्फी नको.

कुठून : केण्डल स्टेशनवर उतरा, लॉन्गफेलो ब्रिज पायी ओलांडा. मग चार्ल्स स्ट्रीट, बीकन हिल, पब्लिक गार्डन, कॉमन. रमतगमत तीन तास.

आणि हो : पार्किंगच्या मोकळ्या जागेत खुर्ची, बादली किंवा इस्त्रीचं टेबल ठेवलेलं दिसलं तर हलवू नका. बर्फ उपसून जागा मोकळी करणारा ती अशी राखून ठेवतो. स्नो इमर्जन्सी संपल्यावरही ४८ तास बॉस्टन शहर हे चालवून घेतं (साउथ एण्ड भाग सोडून). मुंबईत लोकलच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्यांना वेगळं समजवायची गरज नाही!